लायब्ररी बाहेर असू द्या, पण तपासूनच आत घ्या

पैठणमधल्या पैठणीच्या दुकानांसाठी मी जावामध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहितो. प्रिंटर बदलला म्हणून अख्खी जार फाइल नव्याने पाठवायची, हे मला पटत नाही. बदलणारा भाग वेगळ्या लायब्ररीत, जारशेजारच्या फोल्डरात हवा. आता ‘जावा -जार’ने चालवलं की बाहेरून दिलेला क्लासपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या ती यादी, जावा बघतच नाही; म्हणून जारमधल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लायब्ररीची वाट लिहा, नाहीतर ती लोड करायला स्वतःचा यूआरएलक्लासलोडर उभा करा. जावाच्या सिस्टिम क्लासलोडरमध्येच फाइल घुसवायची जुनी युक्ती २०१७च्या जावा ९ने मोडली, बरंच झालं! मात्र प्रोग्रामला इंटरनेटवरून परस्पर कोड उचलू देऊ नका. डिसेंबर २०२१मध्ये उघड झालेल्या लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीच्या त्रुटीत नोंदीतल्या एका ओळीमुळे परक्या सर्व्हरवरचा कोड चालू शकत होता. दुकानदाराचा सगळा हिशेब प्रोग्राम चालतो त्याच संगणकावर असतो. डिजिटल सही तपासल्याशिवाय एकही लायब्ररी लोड होता कामा नये.