संगणक आधी की गणित?

टायपिंग नि एक्सेल आले की मुलाची नोकरी पक्की, असे पुष्कळ पालक आम्हांस सांगतात. आम्हांस तसे वाटत नाही. निपाणीहून बेळगावला जाताना हायवेवर हत्तरगी लागते. तेथे एअरबसच्या विमानांचे सुटे भाग बनतात. सीएनसी मशीनपुढे उभ्या राहणाऱ्याला ड्रॉइंग वाचता यावे लागते, कोन काढता यावा लागतो. नाहीतर प्रोग्रॅम चुकतो नि माल भंगारात जातो. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालातही दहापैकी सात मालकांनी विश्लेषण करण्याची बुद्धी अत्यावश्यक मानली आहे. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, माउस तिशीत धरला. भाषेने अडले नाही. कच्च्या गणिताने मात्र अडले! विश्वस्तांना विनंती, नव्या संगणकांआधी गणित शिक्षकाची रिकामी जागा भरावी.