हमीपत्राचे राजकारण

सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या मुळशीच्या धरणाचे पाणी आजही सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. मुळशीचा शेतकरी उरलेल्या भातखाचरांवर राहिला. याच पुणे जिल्ह्यात नीरेच्या कालव्यांचे पाणी मात्र उसाला मिळाले. उसामागून कारखाना आणि कारखान्यामागून आमदारकी आली. आमच्या तालुक्यातील विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील सत्तेचे अर्थशास्त्र शिकविताना हे दोन प्रवाह नकाशावर दाखविल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

१९६० पासून १९९५ पर्यंत, १९७८ ते १९८० मधील पुलोदचा प्रयोग आणि त्यानंतरची अल्पकाळची राष्ट्रपती राजवट वगळता, राज्यात काँग्रेसचेच शासन होते. १९७२ साली तर तिने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. हे यश केवळ नेत्यांच्या पुण्याईचे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला कारखाना हे शेतकऱ्यांच्या कष्टाचे फळ होते, याविषयी दुमत नाही. त्यानंतर मात्र धोरण असे घडत गेले की प्रत्येक पायरीवर मंत्रालयाचा दरवाजा ठोठावल्यावाचून कारखाना उभाच राहू नये. परवाना केंद्राचा, त्यासाठी शिफारस राज्याची. भागभांडवलात शासनाचा मोठा वाटा. कर्ज वित्तसंस्थेचे, पण हमी शासनाची. कोणत्या गावाचा ऊस कोणत्या कारखान्याने घ्यावा, ही कार्यक्षेत्राची मर्यादाही शासनाच्या मान्यतेची. शिवाय १९६० च्या सहकार कायद्याने संचालक मंडळ दूर सारून प्रशासक नेमण्याचा अधिकार निबंधकाच्या हाती दिला. यांपैकी एकही तरतूद पक्षाचे नाव घेत नाही. पण ज्याची हमी उद्या नूतनीकरणास येणार आहे, तो अध्यक्ष आज विरोधी बाकावर कसा बसेल?

येथेच एक गोष्ट आपले अभ्यासक पुष्कळदा विसरतात. ही यंत्रणा पक्षाशी नव्हे, सत्तेशी एकनिष्ठ असते. १९७८ साली सांगलीचा कारखाना उभारणाऱ्या वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ पाडले ते विरोधकांनी नव्हे, त्यांच्याच सहकाऱ्यांनी. १९९५ साली युतीच्या सरकारला ज्या अपक्षांनी आधार दिला, त्यांत काँग्रेसचे बंडखोर पुष्कळ होते. भाजपच्या गोपीनाथ मुंडे यांनीही परळीच्या परिसरात वैद्यनाथ कारखाना काढला. वाट तीच होती. साखर उद्योगाचा परवाना १९९८ मध्ये रद्द झाला, हमीची गरज मात्र राहिली. आणि प्रवरेच्या संस्थापकांचे नातू राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये विरोधी पक्षनेतेपद सोडून भाजपच्या मंत्रिमंडळात गेले. काँग्रेसने बांधलेल्या वाड्याच्या किल्ल्या अशा रीतीने नव्या धन्याकडे गेल्या.

२०२१ च्या जुलैत केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापून ते अमित शहा यांच्याकडे सोपविले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक काँग्रेसजनांना सहकारावरील आक्रमणाची भीती वाटू लागली. ती अनाठायी नव्हती. परंतु निबंधक आपल्या हाती असताना ती त्यांना कधी वाटली नव्हती. २०२५ मध्ये राज्याचे अर्थखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार बारामती तालुक्यातील माळेगाव कारखान्याचे अध्यक्ष झाले. यात बेकायदेशीर काही नव्हते. हमी देणारे खाते आणि हमी मागू शकणारी संस्था एकाच व्यक्तीकडे असण्यास कायद्याची आडकाठी नाही, हाच तर मुद्दा आहे.

हमी बंद करा, असे मी म्हणणार नाही. तसे केल्यास उसाची बिले थकतील ती सभासदाचीच. मात्र कोणत्या ताळेबंदावर हमी मिळेल, याचे निकष आधी प्रसिद्ध व्हावेत. प्रत्येक हमीची रक्कम, कारखान्याचे नाव आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे दर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवली जावीत. संचालकपदावरील मंत्र्याने त्या निर्णयाच्या बैठकीस बसू नये. प्रशासक नेमायचा तर निवडणुकीची तारीखही त्याच आदेशात यावी.