महावितरण कर्मचारी आणि समाजमाध्यमे
वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने समाजमाध्यमावर लिहिलेले सहसा खासगी राहत नाही, कारण वीजवितरण हा राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनी बांधलेला व्यवसाय आहे. खंडित पुरवठा किती वेळात सुरू व्हावा आणि न झाल्यास भरपाई काय, हे आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत ठरलेले आहे. म्हणून ‘तासाभरात लाइट येईल’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही ग्राहक कंपनीचाच शब्द मानतो. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने महावितरणसारख्या सार्वजनिक उपक्रमांतल्या, अगदी कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठीही समाजमाध्यमांच्या वापराचे नियम काढले: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी, गोपनीय कागद बाहेर नकोत, शासकीय धोरणांवर प्रतिकूल टीका नको. यातला गोपनीयतेचा आग्रह रास्तच आहे. उपकेंद्राच्या आतले फोटो कुणाच्याही स्टेटसला नसावेत. पण गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यात पावसाळ्यात झाड पडून तार तुटते, तेव्हा वाडीच्या ग्रुपवर वायरमनने टाकलेली ‘जवळ जाऊ नका’ ही सूचना जीव वाचवू शकते. नियमाच्या धाकाने ती थांबता कामा नये. महावितरणने अशा सूचनांचा मजकूर आधीच ठरवून द्यावा, आणि ग्राहकांनीही केवळ ग्रुपवर न लिहिता तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवावी.