व्यवहार-विचार : एकाचे राहिले, सर्वांचे राहू नये



लालबागच्या एका कुटुंबाने सम्मेद शिखरजींच्या यात्रेसाठी मुंबई–रांची विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे काढली होती : पती, पत्नी, आजी आणि दीड वर्षांची जुळी मुले. प्रस्थानाच्या चार दिवस आधी पतीच्या पायाचे हाड मोडले. त्यांच्या जागी धाकट्या भावाला न्यावे, असे घरात ठरले. परंतु विमानाचे तिकीट दुसऱ्याच्या नावे होत नाही. तेव्हा सारे आरक्षणच रद्द करण्याचा विचार सुरू झाला.

तशी गरज नसते. पाचही जणांचा पीएनआर एक असला, तरी कंपनीस सांगून तो विभागून घेता येतो. मग एकाचेच तिकीट रद्द करावे. मात्र दोन वर्षांखालील मूल एका प्रौढाच्या मांडीवर एकच चालते. म्हणून पित्याच्या नावाशी जोडलेले बाळ आधी आजींच्या नावाशी, जातानाच्या व परतीच्या दोन्ही प्रवासांत, जोडून घेणे अगत्याचे होते.

आता परताव्याचा हिशेब. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेता येत नाही. सरकारी कर व विमानतळाचे विकास शुल्क ‘विनापरतावा’ तिकिटावरही परत मिळते. पै-पै जपणारे आपण ही रक्कम मात्र मागतच नाही.

धाकटा भाऊ नव्या तिकिटावर सोबत गेला. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीचे दर्शन आजींना घडले.