मे महिन्यातलं काश्मीर

आमच्या मावसताईचं लग्न मे महिन्यात, तेही नागपुरात! आणि तिचा हट्ट काय, तर मांडवात बर्फ हवा!

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कापसाचा बर्फ? होमाजवळ कापूस नको रे बाबा! थर्माकोल? तो कुजतच नाही. मांडववाले म्हणाले, ‘‘कोरडा बर्फ आणू.’’

हा बर्फ पाण्याचा नसतो बरं का! हा गोठलेला कार्बन डाय-ऑक्साइड. तापमान सुमारे उणे ७८ अंश सेल्सियस! तो वितळत नाही, थेट वायू होतो. कोमट पाण्यात टाकला, की बाष्पाचे बारीक थेंब होऊन पांढरंशुभ्र धुकं पसरतं.

‘‘मी सरबतात टाकणार!’’ धाकटा भाचा ओरडला. मी दचकलोच. नुसत्या हातानं धरला, तर भाजल्यासारखी जखम होते. पोटात गेला, तर जिवावर बेततं. बंद खोलीत वायू साचला, तर श्वास कोंडतो.

ताईनं ते नाव खोडलं. ठरलं काय? पांढऱ्या मोगऱ्याच्या माळा आणि वाळ्याचे ओले पडदे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून गारवा!

भाचा पन्हं पीत म्हणाला, ‘‘बर्फाला असा वास कुठे येतो?’’