श्रावणातला एक तृतीयांश

‘‘श्रावण पाळतोयस ना रे?’’ आईचा शनिवारचा फोन.

‘‘हो गं, मटण-मासे एकदम बंद!’’

खोटं नव्हतं मंडळी. बिअरबद्दल तिने विचारलं नव्हतं. आणि बिअर होते जवाची, म्हणजे शुद्ध शाकाहारी. ही पळवाट मी कॉलेजात असतानाच शोधून ठेवलीय. फोन ठेवला आणि गावाची बस पकडली.

लीड्सला ऑनसाइट येऊन चार महिने झाले होते. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवार-रविवार लॉन्ड्री आणि लॅपटॉप. शेवटी टीम लीडलाच दया आली. म्हणाला, ‘‘आमच्या गावात बिअर फेस्टिव्हल आहे, ये.’’

माझ्या डोक्यात डीजे, लेझर लाइट्स वगैरे. प्रत्यक्षात गावचा हॉल, फोल्डिंगच्या खुर्च्या, केक विकणाऱ्या दोन आज्या आणि टेबलाखाली झोपलेली पाच-सहा कुत्री. थोडक्यात आपल्या सार्वजनिक मंडळाचा मांडव, वर्गणीच्या डब्यासकट! दारात एक ग्लास मिळाला, त्यावर अर्ध्या आणि एक तृतीयांश पाइंटच्या खुणा. इंग्लिश पाइंट म्हणजे 568 मिली. शहाणी माणसं तृतीयांशच घेतात, कारण समोर वीस पिंपं आडवी मांडलेली असतात.

ही ‘रिअल एल’. आपल्या बाटलीतल्या लागरपेक्षा वेगळं प्रकरण. पिंपात भरल्यावरही तिच्यात यीस्ट जिवंत असतं, आंबणं चालूच राहतं. वरून गॅस मारायचा नाही. त्यामुळे पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. छोट्या पिंपाला म्हणतात फर्किन, त्यात 72 पाइंट. आणून ठेवलं की गाळ खाली बसेपर्यंत त्याला हलवायचं नाही, अगदी विरजणासारखं. 1971 साली चार मित्रांनी कारखान्यातल्या गॅसवाल्या बिअरला वैतागून ‘कॅमरा’ ही चळवळ काढली, म्हणून ही एल टिकली.

पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. कोमट! खरं तर कोमट नव्हे, तळघराइतकी गार, 11 ते 13 अंश. पण आपली जीभ ‘चिल्ड’वर वाढलेली. दुसरी कीथलीची ‘लँडलॉर्ड’. हिच्यात आधी गोडसर माल्ट, मग कडवटपणा हळूच मागून येतो. तिसरी मॅशमची काळसर ‘ओल्ड पिक्युलियर’, काकवीची आठवण करून देणारी. आता कळलं, थंडगार असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

खुशीत येऊन काउंटरवरच्या काकूंना विचारलं, ‘‘गाळ इतका छान बसतो कसा?’’

‘‘आयझिंग्लास घालतात. माशाच्या पोटातल्या फुग्यापासून बनवतात.’’

संपलं! तीन तृतीयांश, म्हणजे भर श्रावणात अख्खा एक पाइंट मासा! माझा चेहरा बघून त्यांनी कोपऱ्यातल्या गढूळ एलकडे बोट दाखवलं. ती न गाळलेली, व्हेगन.

बाजूला बसलेले एक आजोबा हसून हसून लाल झाले. ‘‘कुठला तू?’’

‘‘नाशिक. देवळालीच्या जवळ.’’

‘‘म्हणजे डूलॅली!’’

इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलॅली’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या देवळालीचाच. तिथल्या छावणीत घरच्या बोटीची वाट बघत बसलेले गोरे सोल्जर कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे म्हणे. लीड्सच्या खोलीत बसून मला ते सोल्जर फार जवळचे वाटू लागले होते, हे मी आजोबांना सांगितलं. ते हसले नाहीत.

मग कळलं, फेस्टिव्हल कशासाठी ते. गावातला एकुलता एक पब दोन वर्षांपासून बंद. मालकाला विकायचाय. बिल्डरने घेतला तर फ्लॅट होतील. म्हणून गावकरी शेअर्स काढून तो स्वतःच घेणार. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने 2003 साली ‘ओल्ड क्राउन’ असाच विकत घेतला होता. आजोबांनी पेन्शनमधून दोन शेअर्स घेतलेत.

‘‘बिअर काय, दुकानातही मिळते,’’ ते म्हणाले. ‘‘पण बायको गेल्यावर रोज संध्याकाळी ‘कसा आहेस’ असं विचारणारं कुणीतरी तिथे असायचं.’’

मी गप्प. मला चार महिन्यांत हे फक्त फोनवरून विचारलं गेलं होतं, तेही रोज, आणि मी दर वेळी ‘कामात आहे’ म्हणून फोन ठेवत होतो.

निघताना ग्लासचं डिपॉझिट परत घेतलं नाही, डब्यात टाकलं. पैसे अजून बरेच कमी पडताहेत. आजोबांनी बजावलंय, पुढच्या शनिवारी हॉलमध्ये चहा असतो, यायचं.

बसमधून आईला स्वतःहून फोन केला. मासा चुकून पोटात गेल्याचं कबूल केलं.

‘‘चुकून झालं, चालतं रे. पण कशातून गेला?’’

बोला आता!