केसपेपर सरकारी, सॉफ्टवेअर कोणाचे?

मालवण-देवगडकडच्या गंभीर रुग्णाला ओरोसला नेतात आणि तिथूनही पुष्कळदा गोव्यात बांबोळीला हलवतात. रुग्ण राज्याची हद्द ओलांडतो. त्याच्या नोंदी सहसा नातेवाइकांच्या पिशवीतल्या फाइलमधून जातात. एका रुग्णालयाच्या नोंदी दुसऱ्याला संगणकावर का दिसत नाहीत, याचे उत्तर यंत्रापेक्षा करारनाम्यात जास्त सापडते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. रुग्णनोंदणीचे सॉफ्टवेअर कायद्याच्या लेखी कादंबरीच्या पंगतीला बसते! कंपनीचे तयार सॉफ्टवेअर घेतले, तर हक्क कंपनीकडे राहतो आणि सरकारला मिळतो तो वापराचा परवाना. करार संपला की परवानाही संपतो. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली अशी प्रणाली बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले.

यावरचा उपाय मुक्तस्रोत परवान्यात आहे. मुक्त म्हणजे बेवारशी नव्हे. लेखकाचा कॉपीराइट कायम असतो. तो फक्त अटी घालून इतरांना वापराची, बदलाची आणि वाटपाची मुभा देतो. या अटी म्हणजे नुसती सभ्यतेची विनंती, असा युक्तिवाद अमेरिकेत झाला होता. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून उद्भवलेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात २००८ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो फेटाळला. अट मोडली तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्याकडे 'मुक्त' हा शब्द मात्र सैल हाताने वापरला जातो. आरोग्य सेतूचा कोड २६ मे २०२० रोजी खुला झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा खुला झाला होता तो फक्त अँड्रॉइड फोनमधला भाग. माहिती जिथे साठते त्या सर्व्हरचा कोड त्यात नव्हता. घराचा दरवाजा दाखवायचा आणि माजघर बंद ठेवायचे, असा तो प्रकार.

याउलट छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी घडवलेली 'बाह्मनी' ही प्रणाली पाहावी. तिचा एजीपीएल परवाना सांगतो की, कोणीही ती बदलून इंटरनेटवरून सेवा म्हणून दिली, तर बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागेल. त्यामुळे कंत्राटदार बदलला तरी रुग्णालय अडकत नाही.

कोड उघडा केला तर रुग्णांची माहिती फुटेल, ही भीती नेहमी पुढे केली जाते. ती चुकीची आहे. कोड म्हणजे कुलपाची रचना, माहिती म्हणजे आतला ऐवज. रचना दहा जणांनी तपासली तर दोष लवकर सापडण्याची शक्यता वाढते. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. परवाना फुकट मिळाला तरी प्रणाली सांभाळायला पगारी माणूस लागतो, आणि तो ओरोसला टिकवणे मुंबईइतके सोपे नाही.

केंद्राच्या २०१५ च्या धोरणानुसार, मुक्तस्रोत पर्याय नाकारायचा असेल तर त्याचे कारण द्यावे लागते. राज्यांना मात्र ते धोरण ऐच्छिक आहे. महाराष्ट्राने ही अट रुग्णालयांच्या प्रत्येक निविदेत घालावी. करार संपल्यावर कोड आणि नोंदी, दोन्ही रुग्णालयाच्या ताब्यात राहतील, हे कलमही सही होण्यापूर्वीच त्यात असावे.